चौथी नदी

पिट्सबर्गला तीन नद्या.
दोन भेटतात, त्यांची तिसरी होते.
पुलावरून जाताना खाली कुठली, हे
चाळीस वर्षांनीही मी क्षणभर थांबून ठरवते.
चौथी जमिनीखाली आहे म्हणतात इथले लोक,
वाळू-खडीतून मुकाट वाहणारी.
संगमावरच्या कारंज्याला पाणी तिचंच.

आईला नवं इंजेक्शन द्यायचं की नाही
हे ठरवण्याआधी त्यांना तिचं रक्त हवं होतं.
एक जनुक. त्याचे प्रकार तीन, नावं मात्र दोन, तीन, चार.
एक आईकडून येतो, एक वडलांकडून.
चार निघाला तर औषधाने मेंदूला सूज यायची भीती जास्त.
रोझलिन कोवालचिक समजावत होती,
बोटाएवढ्या पेन्सिलीने कागदावर गोल काढत,
आणि आई मान डोलवत होती,
मिरजेच्या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवलेली बाई:
पोरीचं बरोबर येतंय.

"तुमचंही बघायचं का?"
मी हो म्हटलं. खात्रीच होती,
जे काय आहे ते आईकडून आलेलं असणार.
तिचे गुडघे माझे, तिचा तिरसटपणा माझा,
परवा मी किल्ली फ्रीजमध्ये ठेवली, तीही तिचीच.
हेरंबला फोन केला, कोलंबसला.
तो म्हणाला, मला सांगू नकोस,
आणि मग बराच वेळ छपराच्या दुरुस्तीबद्दल बोलला.

आई: तीन, तीन.
मी: तीन, चार.

मी कागद उलटा करून पाहिला.
मागे पार्किंगचे दर होते.
"मग हिला का झालं?"
चार नसतानाही होतं, रोझलिन म्हणाली,
आणि चार असून नव्वदीत शब्दकोडी सोडवणारे असतात.
ती जोखीम म्हणत राहिली. नशीब हा शब्द
तिने एकदाही उच्चारला नाही, मी वाट पाहत होते.

म्हणजे बाबा.

एक्कावन्नाव्या वर्षी, गिरणीच्या आवारात,
फेब्रुवारीतल्या सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना,
अर्धी काच स्वच्छ करून गेलेले बाबा.
ज्यांना घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट नंबर पाठ,
सोडून आलेल्या बिऱ्हाडांचे घरक्रमांक पाठ.
विसरायला वेळच मिळाला नाही त्यांना.
मागे ठेवलं ते आम्ही तेव्हाच वाटून घेतलं होतं:
घड्याळ हेरंबला, लोकरी कोट मला.
हा आकडा कुणी मोजलाच नव्हता.

ऋता एकोणीस वर्षांची आहे.
तिच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी.
निमकी मला आईने शिकवली, चमच्याने ताटलीवर ताल धरून.
ऋताला सांगायचं का, कधी सांगायचं,
हे कुठल्याच पाढ्यात नाही.

इंजेक्शनचं पुढे बारगळलंच.
कागदपत्रं होईस्तोवर आई दोन पायऱ्या खाली उतरली होती.
आता संध्याकाळ झाली की मी तिची नलू होते,
कोण नलू हे विचारायला उरलेलं कुणी नाही.
काल पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या.
तिने आपणहून सुरू केलं:
एक पाव पाव. दोन पाव अर्धा.
तीन पाव पाऊण.
आणि थांबली.
मला पुढचं येत होतं. मी म्हटलं नाही.
तिने ओठ हलवून पाहिले, खिडकीबाहेर पाहिलं,
कारंज्याचं पाणी वाऱ्याने एका बाजूला कललं होतं.

मग विचारलं, "ह्यांना आज उशीर का गं?"

पुढची गाडी हलली.
मी ब्रेक सोडला.
म्हटलं, येतायत,
रस्त्यात आहेत.